कंपनीचा रंग

लेक साडेचार महिन्यांची. बाळंतपणाला परभणीला आले तेव्हापासून दुपारचा जो तासभर सुटतो, तो मी अप्पांच्या दुकानात घालवते. अप्पा म्हणजे माझे वडील, महालिंगअप्पा. चाळीस वर्षं ते लायसनच्या बंदुका दुरुस्त करतात. जुनी दुनळी बंदूक विकायची असली की घेणारा आधी विचारतो, रंग कंपनीचा आहे की नंतर दिलेला? त्यावर अप्पांनी सहीनिशी दिलेली चिठ्ठी हैदराबादपर्यंत चालते. पुन्हा कुणी तपासत नाही.

त्या दिवशी सोनपेठचे व्यंकटराव आपल्या वडिलांची दुनळी घेऊन आले, हैदराबादला विकायची म्हणून. लेक नेमकी जागी, माझ्या खांद्यावर. अप्पांनी बंदूक उघडून रिकामी असल्याची खात्री केली, नळ्यांवरून तळहात फिरवला, खिडकीकडे धरून पाहिली.

"कंपनीचाच हाय. लिही गं अनू."

पेन घेता घेता मी नळीकडे पाहिलं. कोरलेल्या नावाच्या कडा वापरलेल्या साबणासारख्या गोल झाल्या होत्या, पण त्या झिजलेल्या कडांवरही रंग गडद निळा. गंजाने पडलेल्या बारीक खड्ड्यांच्या तळाशीही निळाच. खड्ड्यात रंग सापडला तर तो गंजानंतरचा, हे मी शाळेत असताना अप्पांनीच शिकवलेलं.

त्यांना ते दिसलं नव्हतं. नजर अधू झालीय हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, इतकी झालीय हे नव्हतं. आता मी बोलले तर गिऱ्हाइकासमोर अप्पांचा शब्द खाली पडणार. लिहून दिलं तर हैदराबादेत पडणार.

"लिही की. शाई संपली का?"

व्यंकटराव हसले. "पोरीचं ध्यान लेकराकडं हाय, अप्पा. तिला कशाला बंदुकीत घालता?"

"मग तुमीच धरा लेकराला," म्हणत मी तिला त्यांच्या मांडीवर दिलं. तिनं लगेच त्यांची मिशी पकडली. मी अप्पांचा अंगठा धरून नख कोरलेल्या अक्षरांवर ठेवलं. ते कडेला अडायला हवं होतं. घसरून गेलं.

"अन् खड्ड्यात?" अप्पांनी हळूच विचारलं.

"निळा."

त्यांनी नख पुन्हा एकदा अक्षरांवरून फिरवलं. मग चांगले मोठ्यानं म्हणाले, "व्यंकटराव, मी चुकलो. मला आता बारीक दिसत न्हाई. नळ्यांचा रंग नंतरचा हाय."

इतक्या मोठ्यानं नको होतं म्हणायला, असं मला वाटून गेलं.

"नंतरचा कसा? ही तर आमच्या घरातून कधी..." व्यंकटराव थांबले. "थांबा. आई खंडेनवमीला सगळी हत्यारं घासायची. तलवार, कुऱ्हाड अन् हीबी. चिंच-राख लावून, तांब्याच्या घागरीवाणी. एका साली लय गंज धरला. दादा, म्हणजे आमचे वडील, कुठंतरी घेऊन गेले अन् महिन्यानं चकाचक करून आणली. आई सगळ्याला सांगायची, बघा, माझ्या चिंचेनं कशी उजळली!"

"अन् दादा?"

"दादा नुसती मान डोलवायचे."

अप्पा पोट धरून हसले. "चिंचेनं रंग जातो हो, येत न्हाई!"

व्यंकटरावांना हसू आलं नाही. "माझी पोरं लायसन घेईनात. आता हिला कोण घेणार?"

"अनू, नळ्यांखालचं लाकूड काढून बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. नळ्यांतली खोट सापडली आणि मी तिथंच थांबले होते. लाकूड काढलं. चिंच आणि हात दोन्ही जिथं पोचले नव्हते, तिथल्या लोखंडावर कंपनीच्या भट्टीत चढलेले जुने रंग तसेच होते. निळा, तपकिरी, जांभळा, पारव्याच्या मानेसारखे एकात एक मिसळलेले. मी अप्पांना नीट वर्णन करून सांगितलं. त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

मग चिठ्ठी सांगितली. नळ्यांचा रंग नंतर दिलेला. लाकडाखाली कंपनीचा, शाबूत. "अन् लिही, नंतरचा रंग चांगल्या कारागिरानं दिलाय. त्यानं मला फसवलं म्हणजे काम पक्कं हाय."

"घेतील का पण हैदराबादवाले?" व्यंकटराव म्हणाले.

"ते त्यांनी ठरवावं. आपण हाय ते सांगायचं. अनू, पाहणी तू केलीस असं लिही. मग मी सही करतो."

मी माझं नाव लिहिलं. त्याखाली अप्पांनी सही केली आणि विचारलं, "ओळीवर आली का?"

"जरा खाली गेलीय."

"राहू दे."