तेल पाजलेला पडदा

ज्या संस्थेने रुख्मिणीला तिच्या आईचा आवाज ऐकवण्याचे लेखी आश्वासन दिले होते, तिचे नाव मी येथे लिहिणार नाही. स्वतःचे नाव छापलेले पाहण्याची संस्थेला इतकी हौस आहे, की एवढा संयम कोणीतरी पाळायला हवा.

रुख्मिणीचे यजमान यशवंतराव यांचे वांकिडीला कापडाचे दुकान होते. नागपुरात एम.ए. करून ते गावी परतले आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा गल्ल्यावर बसून वाचू लागले. वाचनाने माणसाला दोन गोष्टी मिळतात: एक दृष्टी, आणि छापील मजकुराविषयी भाबडी श्रद्धा. यशवंतरावांना दोन्ही मिळाल्या. १९८४ साली त्यांनी कॅसेट रेकॉर्डर विकत घेतला आणि आंध्र-महाराष्ट्र सीमेवरच्या गावांतल्या जात्यावरच्या ओव्या टिपायला सुरुवात केली. शाळा तेलुगूत, महसुलाची बोली उर्दूत. मराठीला त्या मुलुखात बसायला जात्याजवळची तेवढी जागा उरली होती, आणि गावात पिठाची गिरणी आल्यावर तीही जाणार हे त्यांना दिसत होते.

सर्वांत समृद्ध ठेवा मात्र त्यांना सासुरवाडीत सापडला. त्यांच्या सासूबाई, बयनाबाई, जात्यावर बसल्या की ओवीला ओवी जोडत जात. समोर बसून खुंट्याला दुसरा हात लावायला रुख्मिणी असे. प्रत्येक ओवी संपली की बयनाबाई घसा खाकरत आणि म्हणत, "हं, टाक वं पोरी." म्हणजे जात्याच्या तोंडात मूठभर ज्वारी टाक. फितीवर हे सारे उतरले होते. यशवंतरावांनी वह्यांत ओव्या उतरवून घेतल्या तेव्हा खाकरणे आणि ज्वारी त्यांनी अर्थातच वगळली. विद्वत्तेच्या दृष्टीने तो व्यत्यय होता.

बयनाबाई १९९० मध्ये गेल्या. तेरावे उरकल्यावर रुख्मिणीने विचारले, "अवो, आईची एक टेप लावा ना. जराशीच."

यशवंतरावांनी संस्थेची एक पुस्तिका वाचली होती. फीत जितक्या वेळा वाजवावी तितकी झिजते, असे तीत म्हटले होते. "जराशीच लावली तरी झिजते," ते म्हणाले. "हा ठेवा एकट्या आपला नाही. संस्थेत गेल्यावर त्यांच्या चांगल्या यंत्रावर ऐकशील. पोटभर."

पुढे दरवर्षी आईच्या तिथीला, पान वाढून कावळ्याची वाट पाहताना, रुख्मिणी तेच विचारी आणि त्याच उत्तरावर गप्प बसे. रेकॉर्डर त्याच घरात, त्याच कपाटात होता. कॅसेटींची खोकीही.

१९९६ च्या उन्हाळ्यात संस्थेचे पत्र आले. संचालक दौऱ्यावर आदिलाबादेत येणार, डाक बंगल्यात उतरणार. मूळ फिती तेथे आणाव्यात. प्रती काढू नयेत, कारण प्रत काढणे म्हणजे फीत झिजवणे. सोबत उत्तम यंत्र असेल. कुटुंबीयांची इच्छा असल्यास त्यांना निवडक भाग ऐकवण्यात येईल. रुख्मिणीने ते पत्र नवऱ्याकडून दोनदा वाचून घेतले. 'इच्छा असल्यास' हे शब्द तिला फार सभ्य वाटले.

रुख्मिणीचा थोरला भाऊ चंपतराव भाजीपाल्याचा व्यापार करी. वांगी-टमाटे राजुऱ्याच्या बाजारात पोचवायला त्याने नुकतीच जुनी सुमो घेतली होती आणि मागची आडवी बाकडी काढून टाकून तेथे मालाची जागा केली होती. खोकी तेथे मावणार होती. प्रश्न तीन बाजूंच्या काचांचा होता. त्यांतून मे महिन्याचे ऊन सरळ फितींवर पडणार, घाटातली धूळ दारांच्या फटींतून आत येणार, आणि नाक्यावर काही दिसले की पोलीस ते उघडायला लावणार.

"जवाईबुवा, ताडपत्री टाकू एक," चंपतराव म्हणाला. "वांग्यावर टाकतो तीच."

"माया आईवर वांग्याची ताडपत्री?" रुख्मिणी म्हणाली.

"वा वं! वांगे विकूनच तं तुया लग्नाचं जेवन घातलं आईनं."

"मनून काय तिले वांग्यात बसवतं?"

चंपतराव हसला आणि माप घ्यायला उठला. पडदा करायचे ठरले. मागच्या जागेवर, खोक्यांच्या वर, काचेपासून काचेपर्यंत ताणून बसणारा. एक लोखंडी सळई मधल्या आसनाच्या पाठीमागे, दुसरी मागच्या दाराच्या आत. दोन्हींची टोके त्याने पत्र्याला भोके पाडून नटबोल्टांनी आवळली. यशवंतरावांनी दुकानातला जाड मांजरपाट दिला. रुख्मिणीने तो दुहेरी करून मशीनवर शिवला, दोन्ही कडांना सळई ओवण्यापुरता नेफा ठेवला. आणि मग तिने तेच केले जे तिच्या माहेरी पिढ्यान् पिढ्या होत आले होते: कापडाला जवसाचे तेल पाजले.

कापसाच्या बैलगाड्यांवर त्या घराचे असेच कापड असे. तेल कढवायचे, कोमट असताना फडक्याने कापडाच्या अंगात जिरवायचे, मग वाऱ्यावर टांगून ठेवायचे. सुकले की धूळही बसत नाही आणि पाणीही शिरत नाही. बयनाबाई स्वतः ते करीत. गाडी उघडी, कापड उघडे, वारा चारी बाजूंनी. त्यामुळे तेल पाजलेले कापड काचेमागे कोंडले तर काय होते, हे त्या घरात कोणाला कळण्याचा प्रसंगच कधी आला नव्हता.

पडदा परसात टांगला. हात लावला की अजून चिकटत होता. आठवडाभर तो तसाच राहू द्यायचा बेत होता. पण पोस्टातल्या फोनवर निरोप आला: साहेबांचा कार्यक्रम बदलला आहे, उद्याच या, नाहीतर पुढच्या वर्षी.

"पुढच्या वर्सी मले नाई जमत," रुख्मिणी म्हणाली. आपल्या सोयीविषयी एवढे ठाम वाक्य यशवंतरावांनी तिच्या तोंडून पूर्वी ऐकले नव्हते.

सकाळीच ते तिघे निघाले. पडदा सळयांवर ओवून ताणला तेव्हा चंपतरावने बोटाने टिचकी मारली. ढोलकीसारखा आवाज आला. आसिफाबाद मागे पडले, केरामेरीचा घाट चढून झाला. धूळ पडद्यावर बसली आणि तेथेच राहिली. खाली खोकी स्वच्छ होती. रुख्मिणी मधल्या आसनावर बसून पुन्हा पुन्हा मागे वळून पाहत होती.

"कोन्ती लावाची पयली?" तिने विचारले.

"तू सांग."

"ते नाई का, भावाच्या ओव्या. दादाच्या नावाच्या."

"माया नावाची?" चंपतराव आरशातून बघत म्हणाला. "मले तं आई नुसती शिव्या देत होती!"

"त्या बी असंन त्याच्यात. तूच तं मधात येऊन म्हने, भूक लागली."

तिघेही हसले. इंद्रवेल्लीचा स्तंभ आला तशी चंपतरावने गाडी हळू केली. तेथून जाताना तो नेहमीच तसे करी. १९८१ साली पोलिसांच्या गोळीबारात तेथे जे गोंड पडले त्यांचे आवाज टिपायला कोणती संस्था यंत्र घेऊन आली होती, असा प्रश्न यशवंतरावांच्या मनात आला आणि त्यांनी तो बाजूला सारला. त्यांचा अजून संस्थांवर विश्वास होता.

डाक बंगल्याच्या आवारात झाड होते, पण त्याच्या सावलीत संचालकांची गाडी उभी होती. सुमो उन्हात लावावी लागली. साहेबांना खोकी लगेच दाखवता यावीत म्हणून तिघांनी पडदा सळयांवरून उतरवला. तो उन्हाने तापला होता, आणि घडी घालावी तर पदराला पदर चिकटत होता. रुख्मिणीने त्याचा गोळा केला आणि खोक्यांवरच ठेवला, म्हणजे तेवढीच आणखी सावली. बंगल्याच्या भिंतीवर माकडे होती. चंपतरावने सगळ्या काचा चढवल्या, दारे लावली.

वऱ्हांड्यात चपराशी होता. "साब खाना खाके आराम कर रहे. बैठो."

"आमी लांबून आलो," चंपतराव म्हणाला. "फिर भी बोलो उनको."

"लांब से ही आते सब लोगां. बैठो."

ते बसले. संचालकांच्या खोलीचे दार किलकिले होते. आत टेबलावर ते यंत्र दिसत होते, करडे, भरभक्कम, जर्मन बनावटीचे. रुख्मिणीने बाकावरची जागा बदलली, म्हणजे ते नीट दिसावे. आतून घोरण्याचा संथ, सुखवस्तू स्वर येत होता.

"ह्याच्यात टाक पोरी बी आयकू येईन?" तिने हळूच विचारले.

"सगळं येईल."

"खाकरनं?"

"तेही."

ती पदराचे टोक बोटाला गुंडाळत बसली. ऊन वऱ्हांड्याच्या पायरीपर्यंत आले. यशवंतराव चपराशाला पुन्हा विचारणार तोच रुख्मिणीने मान वर केली.

"तेल कढवून राह्यलं का कोनी?"

चंपतराव आधी धावला. सुमोच्या काचा आतून तपकिरी झाल्या होत्या. त्याने मागचे दार उघडले तशी कोंडलेल्या धुराला हवा मिळाली आणि पडद्याचा गोळा, जो आतल्या आत निखाऱ्यासारखा धुमसत होता, भडकला. कोणी काडी लावली नव्हती, कोणी विडी ओढली नव्हती. जवसाचे तेल सुकताना तापते. वाऱ्यावर असेल तर वारा ती ऊब नेतो, गोळा करून काचेआड ठेवले तर ती ऊब कापडाच्याच पोटात राहते. हे नंतर यशवंतरावांनी वाचले. ते सगळे नंतर वाचत.

बागेच्या नळाचे पाणी मारून आग विझवली. गाडी वाचली. खोकी वरून जळाली होती. खाली फिती वितळून एकमेकींत मिसळल्या होत्या. काळी, चकचकीत ढेप तेवढी उरली. यशवंतराव तीत बोटे घालून शाबूत असलेली एखादी शोधत राहिले. चंपतरावने त्यांचे मनगट धरून त्यांना बाजूला केले तेव्हा बोटे भाजलेली होती.

आरडाओरडा ऐकून संचालक बाहेर आले. त्यांनी ढेप पाहिली, चष्मा पुसला. "फार वाईट झालं. लिप्यंतराच्या वह्या?"

त्या यशवंतरावांच्या पिशवीत होत्या. पिशवी वऱ्हांड्यात होती.

संचालकांनी उभ्याउभ्याच एक वही चाळली. त्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे संहिता सुरक्षित आहे! मग शास्त्रीय हानी अशी काही नाही. खरं सांगायचं तर घरगुती ध्वनिमुद्रणात व्यत्ययच फार असतात."

रुख्मिणी पायरीवर उभी होती. काहीतरी बोलायला हवे हे संचालकांच्याही ध्यानात आले असावे. "बाई फार आशेनं आल्या होत्या," ते म्हणाले. "या, यंत्र तरी बघून जा."

त्यांनी कळ दाबली. यंत्रात फीत आधीपासून होती. अतिशय स्वच्छ, भरदार पुरुषी आवाज खोलीभर पसरला: संचालकांचेच व्याख्यान, लोकगीतांतील स्त्रीस्वराविषयी. श्वासही ऐकू येत होता. रुख्मिणीने हात जोडून ते ऐकले, कारण पाहुणे म्हणून गेल्यावर मध्येच उठू नये असे तिला आईने शिकवले होते. त्यांनी यंत्र बंद केल्यावर ती म्हणाली, "चांगलं वाजते." आणि बाहेर आली.

परतताना केरामेरीच्या घाटात इंजिन तापले. चंपतराव पाणी आणायला खाली ओढ्याकडे गेला. मागच्या रिकाम्या जागेत दोन सळया तेवढ्या आडव्या होत्या, काजळी धरलेल्या. जळक्या तेलाचा वास काचा उघड्या असूनही जात नव्हता.

यशवंतरावांच्या मांडीवर वह्यांची पिशवी होती. "वह्या आहेत," ते म्हणाले. "भावाच्या ओव्या सगळ्या आहेत. वाचून दाखवू?"

"शबुद मले पाठच हायत."

त्यांनी पिशवी मांडीवरून उतरवून बाजूला ठेवली. मग ओल्या फडक्यात गुंडाळलेली बोटे पाहत म्हणाले, "एकदा तरी लावायला हवी होती."

"हो," रुख्मिणी म्हणाली. स्वरात टोमणा नव्हता. असता तर त्यांना तो सोसता आला असता.

संस्थेने तो संग्रह पुढे ग्रंथरूपाने काढला. उत्तम कागद, कापडी बांधणी. बयनाबाई त्यात 'एक वृद्ध निवेदिका' म्हणून आहेत. वांकिडीला आलेली प्रत यशवंतरावांनी कपाटात रेकॉर्डरशेजारी ठेवली. आईच्या तिथीला पान वाढून झाले की रुख्मिणी आता काही विचारत नाही. कावळा शिवेपर्यंत दोघेही उभे असतात, आणि तिने विचारावे म्हणून यशवंतराव वाट पाहतात.