संगप्पाच्या आठवड्यातला घोळ

हिंदुराव आमच्या सोलापूरच्या गिरणीतल्या वॉचमनांचा मुख्य, आणि संशय घेणं हा त्याचा पगारी धंदा. पण अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात त्यानं तो धंदा इतका जोरात चालवला, की मला त्याच्या मिशीचीसुद्धा चीड यायला लागली.

झालं होतं असं. गोदामातून सुताच्या किती गाठी विणाईखात्याकडे गेल्या आणि किती उरल्या, ते आमचा कॉम्प्युटर सांगायचा. त्याच्यावर प्रोग्रामर म्हणून मी होते. अचानक कागदावर गाठी जास्त आणि गोदामात कमी निघायला लागल्या. विणाईखात्यात मोजावं म्हटलं, तर तिथं गाठ आली की लगेच फुटते. त्यात कॉम्प्युटर सकाळी चालू करायचं काम दोघं ऑपरेटर आळीपाळीनं करायचे, एक आठवडा बाळासो, एक आठवडा संगप्पा. घोळ व्हायचा तो फक्त संगप्पाच्या आठवड्यात.

हिंदुरावला आणखी काय पाहिजे होतं? संगप्पाचा मेहुणा मोडनिंबला ट्रक चालवतो, हेही त्यानं हुडकून काढलं.

“म्याडम, गाठी ट्रकात आन् आकडा मशिनीत. सरळ हाय की!”

“कुणी बघितलंय का?”

“बगाय कशाला पायजे? तुमी लई शिकल्यासा, पर मानसं वळखाय मी शिकलोय.”

मॅनेजरसाहेबांनी त्याचं ऐकलं. शनिवारपर्यंत छडा लागला नाही तर संगप्पाला घरी पाठवायचं ठरलं. गिरणीत जन्म गेलेला माणूस तो, आधी इंजिनघरात, मग या उन्हाळ्यापासून आमच्याकडे. चोर म्हणून काढलेल्याला या गावात दुसरी कुठली गिरणी दारात उभं करणार होती?

मला संगप्पा आवडायचा, तरी संशय असा चिवट असतो की मीसुद्धा त्याच्या हाताकडे बघायला लागले. कपाळावर विभूती ओढून हा माणूस इतका शांत कसा राहतो, याचाच मला संशय यायचा. शेवटी त्याच्या आठवड्यातल्या एका सकाळी मी त्याच्याआधी येऊन टेपांच्या कपाटाआड उभी राहिले. लाज वाटत होती, पण उभी राहिले.

संगप्पा आला. चप्पल दाराबाहेर काढली, यंत्राला हात जोडले. आमच्या यंत्रात दोन प्रोसेसर होते, दोन वेगळ्या कपाटांत. त्यानं पहिल्या कपाटाचं बटण दाबलं, पत्र्यावर तळहात ठेवला आणि कान देऊन उभा राहिला. मग चक्क माठातलं पाणी प्यायला गेला. येऊन पुन्हा पत्र्यावर हात ठेवला आणि तेव्हा कुठं दुसऱ्या कपाटाचं बटण दाबलं.

मी आडोशातून बाहेरच आले. “संगप्पा मामा, मधे का थांबला?”

तो दचकला. “आं? बाई, तुमी हितं कशा?”

“आधी सांगा, का थांबला?”

“इंजिनघरात गुरुबसप्पा मिस्त्रीनं तसंच शिकिवलंय की. पयली मोटार दम धरंपातूर दुसरीला हात लावायचा न्हाय. दोनी एकदम लावल्या की फ्यूज उडतोय.”

यंत्र बसवायला आलेल्या कंपनीच्या माणसानं दोन्ही बटणं एकदम दाबून दाखवली होती. बाळासो तसंच करायचा. पण एकदमच का, ते त्या माणसानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

मी यंत्राचा मूळ प्रोग्राम काढून बसले. पहिला प्रोसेसर उठला की दुसऱ्याला हाक मारतो आणि थोडा वेळ वाट बघतो. उत्तर नाही आलं, की दुसरा बंद आहे असं धरून एकटाच कामाला लागतो. इथवर ठीक. पण दोघांजवळ नेहमी लागणाऱ्या आकड्यांची एकेक नक्कल असायची. एकानं आकडा बदलला की त्यानं दुसऱ्याला कळवायचं, तुझ्याजवळची नक्कल जुनी झाली, टाकून दे. बंद धरलेल्याला कोण कळवणार? आणि तो तर मागाहून उठून गुपचूप कामाला बसत होता. गाठी गोदामातून गेल्या तरी त्याच्याजवळ जुनाच आकडा, आणि छापायचं काम त्याच्याकडे गेलं की कागदावर तोच यायचा.

उशिरा उठलेल्यानं कामाला हात लावायचा नाही. आधी आपण उठलो असं सांगायचं, जवळच्या सगळ्या नकला टाकायच्या, आणि पहिल्यानं हजेरी घेतली तरच बसायचं. एवढं मी प्रोग्राममध्ये घातलं. शनिवारी संगप्पानं त्याच्या पद्धतीनं, मधे पाणी पिऊन यंत्र चालू केलं. संध्याकाळी कागद आणि गोदाम बरोबर जुळले. मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांसमोर त्याचा हात हातात घेतला. मला इतका आनंद झाला की मी बाळासोला पेढे आणायला पिटाळलं.

संगप्पानं पेढा हातातच धरला.

“बाई, नोकरी ऱ्हायली, बरं झालं. पर चाळीत समद्यास्नी ठावं हाय मी चोर म्हून. माजी बायकू शरणम्मा नळावर जाईना झालीया. तितं कोन सांगनार?”

माझं डोकं फिरलं. हिंदुरावला मी तिथंच धरलं. “तुम्ही सांगितलंत ना घरोघर? आता चला, तुमच्याच तोंडानं सांगायचं.”

तो कुरकुरला, पण मॅनेजरसाहेब बघत होते. आम्ही तिघं चाळीत गेलो. पहिलं दार रंभाबाईचं. हिंदुराव घसा खाकरून म्हणाला, “मावशे, संगप्पाचा काय बी दोष न्हाय. मशिनीची चूक हुती. मीच चुकीचं बोललो.”

“व्हय का? लई बरं झालं की,” रंभाबाई म्हणाली. ती मनापासून हसलीसुद्धा. संगप्पानं मान लववली आणि तो पुढच्या दाराकडे निघाला.

तो चार पावलं गेला असेल नसेल, रंभाबाईनं ओट्यावर वाळत घातलेली पितळी ताटं उचलली आणि आत नेऊन ठेवली. ताटांचा आवाज संगप्पानं ऐकला. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.