हरिचंद्रचा अंगठा

अंबरनाथच्या एका कारखान्यात हरिचंद्र बावीस वर्षं टाइमकीपर होता. घरातले सगळे कागद तोच बघायचा. बायकोला, भागीरथीला, जेमतेम सही येत होती. त्र्याण्णव साली त्याला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचाही बसली.

तशात त्याच्या नावाचं एक इंग्रजी पाकीट आलं. भागीरथीने ते उल्हासनगरला, कॅम्प चारमधल्या झेरॉक्सवाल्याकडून वाचून घेतलं. पगारातून जादा कापलेला इन्कमटॅक्स परत आला होता, साडेसहा हजारांची रिफंड ऑर्डर, म्हणजे चेकसारखा कागद. भर गर्दीत त्याने नाव, पत्ता, आकडा, सगळं मोठ्याने वाचलं.

दुसऱ्याच दिवशी बॅग घेतलेला एक माणूस दारात उभा राहिला. भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर बघून त्याने जय भीम केला, नाव जयदेव सांगितलं. टॅक्स ऑफिसातून आलोय, ऑर्डरवर शिक्का राहिलाय, ती द्या, आठ दिवसांत पैसे घरपोच येतील, म्हणाला. एक फोटो लागेल, चार कागदांवर दादांचा अंगठा आणि साक्षीदार म्हणून वहिनींची सही.

ती अंगठा घ्यायला गेली तर हरिचंद्रने डावी मूठ आवळून धरली. घशातून आवाज काढत तो मान हलवत राहिला. जन्मभर सही केलेल्या माणसाला अंगठ्याची लाज वाटत असेल, असं तिला वाटलं. "अहो, आपलाच माणूस आहे," म्हणत तिने एकेक बोट सोडवलं.

आठाचे वीस दिवस झाले, तशी ती टॅक्स ऑफिसात गेली. कारकुनाने सगळं ऐकून घेतलं.

"आम्ही घरी कुणाला पाठवत नाही, बाई. ही ऑर्डर कुणाच्या हाती द्यायची नसते, सरळ आपल्या बँकेत भरायची."

तपास करता कळलं, हरिचंद्रच्या नावाने कुठल्याशा बँकेत नवं खातं उघडून पैसे काढूनही झाले होते. बँकेने फॉर्म पुढे ठेवला. अंगठा नवऱ्याचाच, खाली सही तिचीच. खोटं म्हणावं तर कशाला? पोलिसांनी अर्ज ठेवून घेतला, कळवू म्हणाले.

घरी येऊन तिने काही लपवलं नाही. "तुम्ही नको म्हणत होतात. मला कळलं नाही."

हरिचंद्र तिच्याकडे नुसता बघत राहिला. तो रागावलाय की त्याने तिची चूक पदरात घेतलीय, हे तिला उमगेना, आणि त्याला सांगता येईना.