तानुबाईंचा अंगठा

दादासाहेबांचं आयुष्य सेकंदांवर चाललं होतं. तळवड्याच्या एका कारखान्यात गाड्यांच्या दारांना बसणारी रबरी सीलं बनत, आणि दादासाहेब तिथे सत्तावीस वर्षं हातात स्टॉपवॉच घेऊन कामगारांच्या मागे उभे राहत. कुणाचा हात कुठे रेंगाळतो ते टिपायचं आणि तेवढं रेंगाळणं कापून टाकायचं, हे त्यांचं काम. एकदा त्यांनी एका लाइनवर अकरा सेकंद वाचवले, तेव्हा कंपनीने खूश होऊन त्यांना भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. इतका विचार करून भेट देणारी माणसं कुठे मिळतात?

पुढे सर्व्हिस रोडवरच्या खड्ड्यात स्कूटर गेली, पाय मोडला आणि हा माणूस सहा आठवडे पलंगावर पडला. टीव्हीचा रिमोट मुलीकडे. तनुजा घरी बसून नोकरी शोधत होती, म्हणजे दिवसभर अ‍ॅनिमे नावाच्या जपानी कार्टून मालिका बघत होती.

"यात मारामारी कवा सुरू होती?" दादासाहेबांनी पहिल्या दिवशी विचारलं.

"यात मारामारी नाहीये पप्पा. चार मुली आहेत. शाळेत जातात."

"आन्?"

"परत येतात."

पडद्यावर त्यातली एक संत्रं सोलत होती. साल निघाली. एकेक पांढरा धागा निघाला. खिडकीतून ऊन येऊन फोडीवर टेकलं, तेव्हा कुठे तिने ती तोंडात टाकली.

"चार मिनिटं!" दादासाहेब कळवळले. "एका संत्र्याला! आमच्या लाइनीवर असती ना, दुपारच्या आत घरी बसवली असती तिला."

दुसऱ्या दिवशी त्या मुलींनी छत्री वाळत घातली. त्यातच एक अख्खा भाग संपला. दादासाहेबांनी शिव्या घातल्या आणि शेवटपर्यंत पाहिला. तिसऱ्या आठवड्यात पायाचे व्यायाम करून घ्यायला माणूस आला, तर पडद्यावरची नजर न काढता त्याला म्हणाले, "जरा दम धरा राव, भाताला वाफ येतीय." त्यांच्याच स्वयंपाकघरात त्याच वेळी बायकोने, भागूबाईंनी, कुकर लावला होता. पण त्या वाफेमागे संगीत नव्हतं, त्यामुळे तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

पाय बरा झाला. कामावर गेल्या गेल्या प्लांटचे साहेब हिंदुराव म्हणाले, "पॅकिंगला चौदा सेकंद लागतात. अकरावर आणा."

पॅकिंगच्या टेबलावर तानुबाई होत्या. राजगुरुनगरच्या पलीकडून कंपनीच्या बसने यायच्या. सील उचलायचं, कडेवरून अंगठा फिरवायचा, ट्यूबलाइटकडे जरासं तिरकं धरायचं आणि खोक्यात ठेवायचं. अंगठ्याचे तीन सेकंद वाया जातात, हे दादासाहेबांना पूर्वी झोपेतही दिसलं असतं. या वेळी ते अंगठाच बघत राहिले. तो कडेवरून असा जात होता, जणू झोपलेल्या लेकराच्या कपाळावरून जावा. स्टॉपवॉचचं बटण दाबायचं राहून गेलं.

"सायेब, काय चुकलं का माजं?"

"न्हाई. परत करा."

चाळीस वेळा 'परत करा' ऐकल्यावर तानुबाई घाबरल्या.

"अंगठा कशापायी फिरवता?" दादासाहेबांनी शेवटी विचारलं.

"आसंच वो. न्हाई फिरवला की कायतरी ऱ्हायल्यावानी वाटतं."

दादासाहेबांनी तक्त्यात लिहिलं : 'अंगठा फिरवणे. तपासणी. आवश्यक. तीन सेकंद.' सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी एखादी गोष्ट कापली नव्हती.

हिंदुरावांनी तक्ता दोनदा वाचला. "दादासाहेब, त्या दिवशी पायालाच लागलं होतं ना? डोक्याला नाही?" मग त्यांना एकदम काहीतरी सुचलं. परदेशी ग्राहक येणार होते. आठवड्याभरात लाइनवर 'दुहेरी तपासणी' असा फलक लागला, त्यावर हिंदुरावांचा हसरा फोटो. खाली नियम : प्रत्येक सीलवरून अंगठा फिरवणे बंधनकारक, दर तासाला कागदावर कामगाराची सही.

दादासाहेब मोठ्या उमेदीने टेबलापाशी गेले. तानुबाईंचा अंगठा फिरत होता, पण शिक्का मारल्यासारखा. नजर सहीच्या कागदावर.

"कुणी काढलं वो हे नवीन झेंगाट?" त्या वैतागून म्हणाल्या. "सकाळधरनं नकोसं झालंय."

घरी दादासाहेबांनी तनुजाला सगळं सांगितलं, तर ती पोट धरून हसली. "पप्पा, त्या मुलींना कुणी फॉर्म भरायला लावत नाही!"

दुसऱ्या दिवशी ते पहिल्या बसच्याही आधी पोचले आणि दिवसभराच्या आठही रकान्यांत स्वतःच सह्या ठोकून मोकळे झाले. नोकरीतली त्यांची ही पहिली लबाडी.

"फिरवा, न्हाईतर नका फिरवू," ते तानुबाईंना म्हणाले. "कागद भरलाय."

तानुबाईंनी त्यांच्याकडे संशयाने पाहिलं. "मंग आता तुमी हितं हुबं ऱ्हाऊ नका. कुणी बघाय लागलं की हात आवघडतो."

दादासाहेब खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मागे खोक्यात सीलं पडू लागली. कधी भरभर, कधी जरा थांबून.