अडीच किलो विनातिकीट

मी एक जुना ताणकाटा आहे आणि मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी अठरा वर्षं खोटं बोललो. आपली कहाणी सांगणारे सहसा असली गोष्ट शेवटी, हळूच, डोळ्यांत पाणी आणून सांगतात. मला ते जमणार नाही. माझ्या पोटात स्प्रिंग आहे. ताणलं की ताणतो, सोडलं की उसळतो. रडणं माझ्या घडणीतच नाही.

घडण तशी साधी आहे. वर टांगायला कडी, खाली वजन अडकवायला हूक, मध्ये लोखंडी नळी आणि छातीवर पितळेची पट्टी. पट्टीवर शून्यापासून पंचवीसपर्यंत किलो कोरलेले आहेत. हुकाला जितकं वजन, तितकी स्प्रिंग ताणते आणि पट्टीवरची सुई तितकी खाली सरकते. यात लबाडीला जागा कुठे असणार, असं मला लहानपणी वाटायचं.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथल्या शेवटच्या टेबलावर जाड भिंगांचा चष्मा लावून एक म्हातारा कारागीर बसायचा. त्याने मला खिळ्याला टांगलं आणि एक किलो, पाच किलो, दहा किलो अशी वजनं एकामागून एक अडकवली. दर वेळी तो नाक अगदी पट्टीला टेकवून पाहायचा. शेवटी तो म्हणाला, "बरोबर आहे," आणि त्याने माझ्या पाठीवर शिशाचं सील ठोकलं. दिवसभरात तो चाळीस काट्यांना हेच दोन शब्द म्हणत असणार. तरी मी हुरळून गेलो, हे कबूल करायला मला आजही लाज वाटत नाही.

मला विकत घेतलं एका रद्दीवाल्याने. पहिल्याच रविवारी त्याने दुकानाचं शटर अर्धं ओढलं, पक्कडीने माझं सील तोडलं आणि माझी स्प्रिंग काढून दुसरी, जास्त कडक स्प्रिंग बसवली. कडक स्प्रिंग कमी ताणते. त्यामुळे हुकाला पाच किलो रद्दी लटकली तरी माझी सुई चारवरच अडायची. लोक वर्तमानपत्रांचे गठ्ठे घेऊन यायचे. "काटा नीट बघून घ्या हं, ताई," असं तो वर तोंड करून म्हणायचा. ताई बघायच्या आणि मी चार दाखवायचो. "जुनं पितळ आहे, हे खोटं नाही बोलणार," अशी माझी तारीफही व्हायची. ती तारीफ ऐकण्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या. पण काट्याला तोंड नसतं आणि दुसऱ्याने पोटात घातलेली स्प्रिंग स्वतःच्या हाताने काढता येत नाही.

पुढे दुकानात विजेवर चालणारा चकचकीत काटा आला आणि माझी रवानगी फुटक्या बादल्यांच्या ढिगावर झाली. तिथे मला काकांनी पाहिलं.

काका म्हणजे निवृत्त तिकीट तपासनीस. पस्तीस वर्षं त्यांनी फुकट्या प्रवाशांना पकडलं होतं आणि घरातसुद्धा ते खिशाला शिटी लावून फिरायचे. स्वस्तात मिळालेल्या वस्तूवर त्यांचा फार जीव. ते मला वर्तमानपत्रात गुंडाळून घरी घेऊन आले आणि स्वयंपाकघराच्या दारावर टांगून म्हणाले, "अगं, बघ काय मिळालंय! असलं पितळ आता होत नाही." याच दुकानात, माझ्याच हुकावर, त्यांची अठरा वर्षांची रद्दी कमी भरली होती. मी काय बोलणार!

त्यांची बायको म्हणजे सिस्टर. एकतीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात काढलेली नर्स. निवृत्त झाली तरी अख्खी इमारत तिला सिस्टरच म्हणायची. तिच्या मनात एकच गोष्ट घर करून होती. तिला उंच डोंगरांतून चालत जायचं होतं. तंबू ठोकून, बर्फाचे कडे चढून नव्हे. वाटेवर चहाघरं असतात, तिथे रात्री पाठ टेकायला खाट आणि गरम जेवण मिळतं. रोज पाच-सहा तास चालायचं आणि पुढचं चहाघर गाठायचं. फार सोपी नाही, फार अवघड नाही, अशी वाट. ती बासष्ट वर्षांची होती आणि "या वयात?" हा प्रश्न ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. "याच वयात," एवढंच ती म्हणायची.

बेत चार जणांचा ठरला. सिस्टर, काका, खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको, म्हणजे सगळ्यांच्या वहिनी. स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला गेला. मी दारावरून सगळं पाहत होतो. काकांनी लाल पेन्सिल घेतली आणि बारा दिवसांचे दहा करायला निघाले.

"हा मधला एक दिवस नुसता बसायचा आहे. आणि हा दुसराही. हे दोन उडवले की झालं."

"ते बसायचे दिवस नाहीत," सिस्टर म्हणाली. "अंगाला विरळ हवेची सवय व्हायला लागते. पेन्सिल द्या इकडे."

"पण रजा..."

"तुम्ही निवृत्त आहात. रजा कसली? आणि डॉक्टरांचा दवाखाना दोन दिवस बंद राहिला तर कुणाची अक्कलदाढ पळून जाणार नाही."

पेन्सिल तिच्या पदराच्या गाठीत गेली, ती पुन्हा दिसली नाही. बूट दोन महिने आधी घेऊन रोज घालायचे, हेही तिनेच ठरवलं. चौघं बूट घालून भाजी आणायला जायचे आणि सगळी गल्ली हसायची. तिला त्याचं काही नव्हतं.

मग एका संध्याकाळी वाटाड्याचा फोन आला. तो त्याच डोंगरांतला माणूस, यांना वाट दाखवणार होता. सिस्टरने फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"ताई, चार बॅगा, दोन ओझेवाले. एका पाठीवर दोन बॅगा. म्हणून एक बॅग दहा किलो. त्यावर एक मोजाही नको."

"तिथे वजन करता का?"

"आमच्या पहिल्या गावात काटा नाही. तुमच्या शब्दावर चालतो. माझा थोरला भाऊ अशाच एका शब्दावर चालला होता. आता त्याला वाकून बूट घालता येत नाही. त्याचा मुलगा येणार आहे तुमच्याबरोबर. ओझं त्याच्याच पाठीवर आहे."

"दहा म्हणजे दहा," सिस्टर म्हणाली. "माझा शब्द."

मित्रांनो, माझ्या नळीत गार वारा शिरल्यासारखं झालं. कारण तो शब्द ती माझ्या भरवशावर देत होती.

निघायला तीन दिवस उरले तेव्हा चारही बॅगा माझ्यावर लटकल्या. काकांनी सूत्रं हाती घेतली. प्रत्येक बॅग सुई दहावर येईपर्यंत भरायची, असा त्यांचा हिशोब. काकांच्या बॅगेत बसायची उशी, दाढीचा आरसा, विजेची किटली आणि शब्दकोड्यांची दोन जाड पुस्तकं गेली, तरी सुई दहाच्या अलीकडेच. "बघा, अजून जागा आहे!" म्हणत त्यांनी घडीची खुर्ची आत सारली. मी आतल्या आत ओरडत होतो, साडेबारा आहे, अहो साडेबारा आहे! सुई मात्र दहावर शांत उभी राहिली. दोन बॅगांचे वीस नाही, पंचवीस किलो त्या पोराच्या पाठीवर जाणार होते. शिवाय त्याचं स्वतःचं सामान वेगळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरने फरशी पुसायला काकांची बॅग उचलली. उचलली आणि तशीच उभी राहिली.

"अहो, ही दहा नाही."

"काट्यावर दहा भरली आहे. तुझ्यासमोर."

"एकतीस वर्षं मी बाळं उचलली आहेत. हातात घेतल्यावर पावणेतीन की तीन, हे वजनकाट्याच्या आधी सांगायची. ही दहा नाही म्हणजे नाही."

तिने वाद घातला नाही. एक लिटरच्या पाच बाटल्या नळाखाली गळ्यापर्यंत भरल्या, पिशवीत घातल्या आणि पिशवी माझ्या हुकाला लावली. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे तुम्हीही शाळेत शिकला आहात. सुई चारवर थांबली. मग दहा बाटल्या. सुई आठवर.

काकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "म्हणजे अठरा वर्षं माझी रद्दी..." एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. पण माणूस मुरलेला. चहाचा कप संपेपर्यंत त्यांनी नवी वाट शोधली. "पण हे बघ, आपण काट्यावर प्रामाणिकपणे दहाच भरलं. काटा चुकीचा असेल तर दोष काट्याचा. आपण काही खोटं बोललो नाही."

वा! अठरा वर्षं दुसऱ्याच्या पापाचं खापर माझ्या डोक्यावर होतंच, आता हेही! मला हात असते तर मी त्यांची शिटी हिसकावून वाजवली असती.

सिस्टरने कप खाली ठेवला. "आयुष्यभर विनातिकीट लोकांना पकडलंत. आता स्वतःचं अडीच किलो विनातिकीट नेताय? आणि तेही त्या पोराच्या पाठीवर बसवून?"

काकांनी खिशाला लावलेली शिटी काढली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. मग बॅगेतून खुर्ची बाहेर ओढली.

डॉक्टर मात्र ऐकेनात. संध्याकाळी ते तावातावाने वर आले. "सिस्टर, सगळं बांधून झालंय. अडीच किलोने काय होतं? मांजराएवढं वजन! पुन्हा सगळं सोडायचं असेल तर आम्ही येतच नाही."

"नका येऊ," सिस्टर म्हणाली. "आम्ही दोघं जाऊ. पण एका पाठीवर दोन बॅगा असतात, डॉक्टर. म्हणजे दोन मांजरं. ती तेवढी एकदा उचलून बघा."

तिने पाच बाटल्यांची पिशवी त्यांच्या पाठीवर दिली आणि ओझेवाले घेतात तसा पट्टा त्यांच्या कपाळावरून फिरवला. "पाच मजले. तीन वेळा. आणि लक्षात ठेवा, हे वीस किलोंच्या वरचं आहे. ते वीस मी तुम्हाला दिलेलेच नाहीत."

पहिला फेरा डॉक्टर शीळ घालत गेले. दुसऱ्या फेऱ्यात शीळ बंद झाली. तिसऱ्या फेऱ्यात ते चौथ्या मजल्याच्या पायरीवर बसले. जन्मभर दुसऱ्यांना तोंड उघडायला लावणारा माणूस, स्वतःच आ वासून बसला होता. वहिनींनी त्यांना पाणी दिलं, खाली गेल्या आणि केस वाळवायचं यंत्र, तीन जोड चपला आणि डॉक्टरांची वजनदार दुर्बीण बॅगांतून काढून ठेवली.

आता माझी पाळी होती. काका म्हणाले, "हा फेकून देतो." मी मनात म्हणालो, फेका, पण मला दोषी ठरवून फेकू नका.

सिस्टरने मला हातात घेतलं. माझ्या पाठीवरच्या तुटलेल्या सीलच्या जागेवरून तिचा अंगठा फिरला. "याचं काय चुकलं? कुणीतरी याच्या पोटात हात घातला. स्प्रिंग कडक आहे, पण प्रत्येक वेळी सारखीच ताणते. आकडे तेवढे बदलायला हवेत." तिने औषधांच्या डब्यातली पांढरी चिकटपट्टी कापली आणि माझ्या पितळेवर आकड्यांच्या बाजूला उभी चिकटवली. मग बाटल्या लावत गेली. सुई चारवर आली तिथे तिने चिकटपट्टीवर पाच लिहिलं. आठवर आली तिथे दहा. बारावर पंधरा. जखमेला पट्टी लावावी तशी तिने माझ्या खोट्यावर पट्टी लावली. चारही बॅगा पुन्हा भरल्या गेल्या आणि चिकटपट्टीवरच्या दहाला येऊन थांबल्या. पाचवं ओझं मी होतो. मला तिने स्वतःच्या खांद्यावरच्या पिशवीत घेतलं.

डोंगरातल्या पहिल्या गावात, पहिल्या चहाघराच्या दाराशी, वाटाड्याचा पुतण्या उभा होता. अंगाने किरकोळ, वीस-बावीस वर्षांचा. सिस्टरने मला दाराच्या तुळईला टांगलं. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. आधी दोन बॅगा दोन हातांत उचलल्या आणि डोळे मिटून क्षणभर तोलल्या. मग एकेक करून माझ्या हुकाला लावल्या आणि नाक पट्टीला टेकवून पाहिलं.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

मित्रांनो, कारखान्यातून निघाल्यापासून हे दोन शब्द मला कुणी म्हटले नव्हते. रडणं माझ्या घडणीत नाही, असं मी वर म्हणालो होतो. ते तेवढं सोडून द्या.

चौघं बारा दिवसांनी धडधाकट परत आले. बसायचे दोन्ही दिवस बसून आले. वाटाड्याने मला मागून घेतलं, तेव्हापासून मी त्याच दारात आहे. या गोष्टीला नऊ वर्षं झाली. माझी कडी गंजली आहे, सिस्टरची चिकटपट्टी पिवळी पडून दोनदा बदलली गेली आहे. लोक लांबून येतात, महागड्या बॅगा माझ्या हुकाला लावतात आणि चिडतात. "घरी तर दहा भरली होती!" म्हणतात. कुणी बोटाने बॅग खालून हळूच उचलून धरतं. कुणी मला भंगार म्हणतं. म्हणा. मी दहाला दहा आणि साडेबाराला साडेबारा दाखवतो आणि मग त्यांना दारातच बसून बॅगा उघडाव्या लागतात.

मला पुसायची, रंगवायची गरज नाही. महिन्यातून एकदा कडीला तेलाचा थेंब दिलात तर पुष्कळ झालं. माझ्या जागी नवा काटा आणायचा असेल तर खुशाल आणा. पण त्याचा चकचकीतपणा पाहून भुलू नका. आधी पाच बाटल्या पाणी भरून त्याची परीक्षा घ्या आणि बॅग दुसऱ्याच्या पाठीवर देण्याआधी एकदा स्वतः उचलून पाहा.

माझी परीक्षा घ्यायची आहे? मग नळावर जा आणि बाटल्या गळ्यापर्यंत भरून आणा. मी इथेच टांगलेला आहे.