गुळाचा खडा आणि शहाणा फळा

ही गोष्ट सांगून कोणाला पटायची नाही. समोर बसलेल्या गणपतरावांना तर नाहीच नाही. त्यांची हयात वीज खात्यात तारा जोडण्यात गेली. झटका बसल्याशिवाय त्यांचा कशावर विश्वास बसत नाही. न बसो. नंदनवन वस्तीतल्या एका शाळेत घडलं ते घडलं.

तिथे इंदुताई मराठी शिकवायच्या. दहावीचा वर्ग म्हणजे त्यांचा जीव की प्राण. संस्थेचे अध्यक्ष ताराचंदजी, लकडगंजात लाकडाची वखार असलेले. त्यांनी शाळेला एक स्मार्ट बोर्ड घेऊन दिला, आणि तो चालवायला मास्तरांना शिकवायचं म्हणून कंपनीकडून धरमपेठेतला विहंग आला. बोट लावलं की धडा उघडतो, बोट ओढलं की रेघ उमटते. "एकदम ईझी आहे मॅडम!"

इंदुताईंची पाळी आली. जन्माची सवय, हातातला खडू त्यांनी बोर्डाच्या खालच्या पट्टीवर ठेवला आणि बोट लावलं. बोर्ड पिसाळला. धडा उघडतोय काय, मिटतोय काय, उलटा होतोय काय! घाबरून त्यांनी डस्टर उचललं आणि बोर्ड खसाखसा पुसायला लागल्या. ही दुसरी सवय. विहंगने मदत करायची सोडून मोबाईल काढला. संध्याकाळी शिक्षकांच्या ग्रुपवर व्हिडिओ आला, वर मथळा: 'आजीबाई आणि जादूचा फळा.' खाली हसून हसून रडणाऱ्या तोंडांची रांग. ज्या शिक्षकांना इंदुताईंनी भाषणं लिहून दिली होती, त्यांचीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक महादेवरावांनी बोलावलं. "खंडेनवमीले ताराचंदजी बोर्ड पाहाले येऊन राहिले. त्याच्यानंतर दहावी गार्गी मॅडमले देतो. तुम्ही लायब्ररी सांभाळा."

"काहून?"

"व्हिडिओ पाह्यला ना मी बी."

इंदुताई रडल्या नाहीत. रडणारी बाई परवडली, गप्प बसणारी नाही. शाळा सुटली की त्या एकट्या बोर्डासमोर उभ्या राहायच्या. बोर्ड पिसाळायचाच. एकदा वैतागून त्यांनी पट्टीवरचा खडू उचलला, तर बोर्ड गरीब गाय झाला. खडू परत ठेवला, पुन्हा पिसाळला. काठाला जे टेकेल ते त्या यंत्राला बोट वाटत होतं, एवढंच गुपित! विहंगला ते ठाऊक नव्हतं. त्याने बोलणं पाठ केलं होतं, बोर्ड नव्हे.

"थांब बाबू," इंदुताई रिकाम्या वर्गात म्हणाल्या. "तुले आता जादूच दाखवतो."

खंडेनवमी उजाडली ती आग ओकत. त्यात सकाळपासून अख्ख्या नंदनवनाची लाईट गेलेली. पंखे मेल्यासारखे लटकलेले, महादेवराव परिपत्रकाने वारा घेताहेत, ताराचंदजींची टोपी घामाने भिजलेली. विहंग मात्र टाय लावून तयार. आजचं जमलं की ताराचंदजी संस्थेच्या सगळ्या शाळांना बोर्ड घेणार होते.

"आधी पूजा," इंदुताई ताट घेऊन पुढे झाल्या. "आज हत्यारं पुजायची. मास्तरांचं हत्यार म्हणजे फळाच ना?"

"मॅडम, यावर काही लावू नका, प्लीज."

"अरे बेटा, पूजेले नाही म्हणते का कोणी?" ताराचंदजींनी डोळे वटारले.

हळद लागली, कुंकू लागलं, झेंडूचा हार चढला. आणि वरच्या कोपऱ्यात, धडा बंद करायची फुली जिथे येते बरोबर तिथे, काठाला गुळाचा खडा चिकटला. नैवेद्य.

विहंगने धडा उघडला. मिटला. उघडला. मिटला. "नेटवर्कचा इश्यू आहे सर." पुन्हा उघडला, पुन्हा मिटला. टाय सैल झाला. बोट सोडून तो तळव्याने थापट्या मारायला लागला.

इंदुताईंनी मायेने डस्टर पुढे केलं. "पुसून पाह्य ना बाबू. धूळ असंल."

आणि बुडत्याने काडी धरावी तसं त्याने ते धरलं, खसाखसा पुसायला लागला. इंदुताईंचा मोबाईल तयारच होता. तिथल्या तिथे व्हिडिओ ग्रुपवर. मथळा जुनाच, फक्त आजीबाईंच्या जागी 'बाबू'.

तेवढ्यात गुळाच्या वासाने मुंग्या निघाल्या. एकेक मुंगी म्हणजे बोर्डाला एकेक बोट! रांग वळली, वाकली, वेलांटी घेतली, आणि वळणदार अक्षरांत बोर्डभर उमटलं: 'विहंग नापास.'

ताराचंदजींनी हात जोडले. इंदुताईंनी शांतपणे खडा काढला, मुंग्या फुंकून विहंगच्या तळहातावर ठेवला. "घे, प्रसाद." ताराचंदजींच्या डोळ्यांदेखत नाही कसं म्हणणार? पोराने पुरावा गिळला. मग इंदुताईंनी एका बोटाने धडा उघडला आणि त्याला शेवटच्या बाकावर बसवून अख्खा शिकवला.

"दहावी तुमचीच," महादेवराव पुटपुटले. "आज तर बोर्डानंच सांगतलं."

"थांब गा, थांब!" गणपतराव कडाडले. "मुंग्याइचं मानलं मी एक डाव. पण सकाळपासून लाईट गेली होती म्हणतो, पंखे बंद होते म्हणतो. मंग तो बोर्ड काय गुळावर चालून राहिला होता?"