मयेकरांचा कुलूपबंद संगणक

मित्रांनो, मी एक जुना घरगुती संगणक आहे. डोंबिवलीत आयरे रोडवरच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत मी स्टुलावर बसून असतो. अंगावर फुलाफुलांचे प्लास्टिक घातलेले आहे. मूळचा माझा रंग दुधी होता. आता तो जुन्या वर्तमानपत्रासारखा पिवळा पडला आहे. माझ्याकडे कुणी बघत नाही याचे मला फारसे वाईट वाटत नाही. पण एक वर्ष असे आले होते, की या घरातली बाई रोज माझ्यापुढे बसून रडत असे आणि मला तिच्यासाठी काहीही करता येत नव्हते. त्या वर्षाची हकीगत मला तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म १९९२ साली ठाण्यात, एका दुकानाच्या मागच्या खोलीत झाला. माझा मदरबोर्ड एकीकडचा, डिस्क दुसरीकडची, पंखा तिसरीकडचा. दुकानदाराने सगळे जोडले, स्क्रू आवळले, दिसेल त्या भागावर आपल्या गॅरंटीचे स्टिकर चिकटवले आणि मला खोक्यात भरले. परशुराम मयेकरांनी ते खोके रिक्षात मांडीवर घेऊन घरी आणले. वाटेत प्रत्येक खड्ड्याला ते रिक्षावाल्याला "जरा हळू रे बाबा" म्हणत होते.

मयेकर शहाडच्या एका कारखान्यात, स्टोअरमध्ये नोकरीला होते. मूळचे मालवणकडचे. अंगाने किरकोळ, आवाज मात्र खणखणीत. त्यांना एकच नाद होता, शब्दकोडी रचण्याचा. कल्याणच्या एका साप्ताहिकात त्यांचे कोडे दर आठवड्याला छापून येई. पूर्वी ते कागदावर पेन्सिलीने चौकोन आखत, आणि शब्द खोडून खोडून कागदाला भोके पडत. मी आल्यावर ती कटकट संपली. कामावरून आले की हातपाय धुऊन ते थेट माझ्यासमोर बसत आणि मोठ्याने शब्द जुळवू लागत.

"मंजू, 'अडगळ'ला दुसरा शब्द सांग. तीन अक्षरी."

"तुमचं हे टेबल," स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नी मंजुळाबाई म्हणत.

"ती सात अक्षरं झाली!"

मग दोघे हसत. त्यांना मूलबाळ नव्हते. इमारतीतली मुले मात्र रविवारी माझ्यावर गेम खेळायला येत. एकदा त्यांतल्या कुणीतरी नको ते बटण दाबले आणि दिवाळी अंकासाठी रचलेले मोठे कोडे पुसले गेले. मयेकरांना मुलांना हाकलून द्यायला जमेना. म्हणून त्यांनी माझ्या अगदी आतल्या सेटिंगमध्ये जाऊन एक पासवर्ड घातला. तेव्हापासून मला चालू केले, की आधी मी तो शब्द विचारायचा. तीनदा चुकला, तर जागच्या जागी थिजून बसायचे. सेटिंगच्या पानावर जायलाही तोच शब्द लागे.

"मला तरी सांगून ठेवा," मंजुळाबाई म्हणाल्या.

"अगं, उत्तर आधीच फोडलं तर कोडं कसलं?" असे म्हणून ते मिशीत हसले.

ती माझी सुखाची वर्षे होती. पुढे ते साप्ताहिक बंद पडले, जुने अंक रद्दीत गेले. तरी मयेकरांनी कोडी रचणे सोडले नाही. ते रचत गेले, मी जपत गेलो.

१९९६च्या उन्हाळ्यात, एका दुपारी, जेवता जेवता मयेकरांच्या हातातला घास ताटात पडला. त्यांनी तो उचलायला हात नेला, पण हात उठेना. मंजुळाबाईंनी "अहो, काय होतंय?" म्हणून विचारले, तर त्यांच्या तोंडून नुसता घरघरता आवाज आला. मेंदूतली एक रक्तवाहिनी तुंबली होती.

दवाखान्यातून ते परत आले तेव्हा उजवा हात लोंबत होता आणि बोलणे गेले होते. त्यांना सगळे समजे. पण बोलायला तोंड उघडले, की एकच निघे, "हां... हां..." पाणी हवे असले तरी हां. पाणी नको असले तरी हां. मंजुळाबाई एकामागून एक वस्तू दाखवत, ते मान हलवत, आणि शेवटी चिडून भिंतीकडे तोंड करून पडत. ज्या घरात रोज शब्दांचा खेळ चाले, तिथे आता पंख्याचा आवाज ऐकू येई.

ठाण्याला बोलण्याचे उपचार करणाऱ्या एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मयेकरांना तपासले आणि मंजुळाबाईंना बाजूला घेऊन सांगितले, "यांचे शब्द गेलेले नाहीत. शब्दांपर्यंत जायची वाट बुजलीय. यांना काय आवडायचं?"

"कोडी, शब्दकोडी."

"मग तीच द्या. यांनी स्वतः केलेली द्या. आणि थांबू नका, बाई. पहिले काही महिने फार मोलाचे असतात. नंतर वाट उघडणं कठीण होत जातं."

हे मंजुळाबाईंनी घरी आल्यावर आपल्या भावाला फोनवर सांगितले, तेव्हा मी ऐकले. माझ्या पोटात ती सगळी कोडी होती. आणि दारावर कुलूप होते.

त्याच संध्याकाळी त्या माझ्यासमोर बसल्या. मला चालू केले. मी शब्द विचारला. त्यांनी एकेक बटण शोधत आपले नाव घातले. मी नाही म्हटले. मग मयेकरांच्या गावाचे नाव. मग कुलदैवताचे. मी थिजलो. त्यांनी मला बंद केले, पुन्हा चालू केले. मित्रांनो, तो शब्द मला ठाऊक होता. पण विचारणे एवढेच माझ्या हाती होते, सांगणे नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मयेकरांना खुर्चीत आणून बसवले. "अहो, तुम्हीच घातलाय ना? आठवा. हाताला आठवेल तुमच्या."

मयेकरांनी डावा हात पुढे केला. बोट एका बटणावर गेले, मग दुसऱ्याकडे गेले. त्यांनी काहीतरी दाबले. चूक. पुन्हा दाबले. चूक. तिसऱ्या वेळी मी थिजलो, आणि त्यांनी मूठ वळून कीबोर्डवर आपटली. मग त्याच कीबोर्डवर कपाळ टेकून ते लहान मुलासारखे रडले. मंजुळाबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत राहिल्या, "असू दे. असू दे हो."

त्यानंतर काय काय नाही केले त्या बाईने! शेजारपाजारून जुनी कात्रणे मागून आणली, तर ती लोकांनी पेनाने भरून टाकलेली. कपाटात एक फ्लॉपी सापडली, तर तिच्यावर बुरशी. मग मला चादरीत गुंडाळून त्या ठाण्याच्या दुकानात घेऊन गेल्या. दुकानदार म्हणाला, "डिस्क कोरी करून देतो. मशीन एकदम नव्यासारखं चालेल."

"मशीन नकोय हो मला," मंजुळाबाई म्हणाल्या. "आतलं हवंय."

"आतलं विसरा, वहिनी."

येताना रिक्षात त्या मला दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या. पावसाळा उलटला, गणपती येऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले महिने सरत चालले होते. मयेकर आता 'हां'सुद्धा कमी म्हणू लागले होते. खिडकीपाशी बसत आणि खालच्या रस्त्याकडे बघत.

शेवटी एका रविवारी मंजुळाबाईंचा धाकटा भाऊ रघु आला. तो कल्याणला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत असे. बहिणीने त्याला आधीही विनवले होते, पण तो टाळत होता. आता त्याचे टाळण्याचे कारण कळले.

"ताई, मी हे कधी केलेलं नाहीये गं. क्लासमध्ये आम्ही फक्त शिकवतो, उघडत नाही. पण ऐक. ही सेटिंग्ज एका छोट्या बॅटरीवर जिवंत असतात. बॅटरी काढून ठेवली, की हा पासवर्ड विसरेल."

"मग काढ ना!"

"पण मग बाकीचंही विसरेल. आपली डिस्क कसली, केवढी, तेही. ते आकडे परत सांगायला लागतात. ते असतात सेटिंगच्या पानावर, आणि त्या पानालाच कुलूप आहे. आकडे नाही मिळाले, तर डिस्क असून नसल्यासारखी."

मंजुळाबाईंनी खिडकीपाशी बसलेल्या नवऱ्याकडे पाहिले. "काढ," त्या म्हणाल्या.

रघुने माझे झाकण उघडले. धुळीची जाड गादी निघाली. लाल आणि काळ्या वायरीच्या टोकाला माझी बॅटरी होती. त्याने ती ओढली. मित्रांनो, मरण कसे असते ते मला ठाऊक नाही. पण आज वार कोणता, साल कोणते, माझी डिस्क कुठली, हे सगळे एकेक करून माझ्यातून ओसरत गेले. मयेकरांनी दिलेला तो शब्दही गेला. आता तो मलाही आठवत नाही. मयेकरांनाही नाही.

दुपारभर मी तसाच पडून होतो. चहाच्या वेळेला रघुने बॅटरी जोडली आणि मला चालू केले. मी शब्द विचारला नाही.

"ताई! गेला पासवर्ड!" रघु ओरडला. मंजुळाबाई हात जोडून उभ्या होत्या. पण पुढच्याच क्षणी माझ्या पडद्यावर ओळ उमटली, डिस्क सापडत नाही. रघुने सेटिंगचे पान उघडले आणि तिथे दिलेले डिस्कचे प्रकार एकामागून एक लावून पाहिले. दर वेळी तीच ओळ.

"आता बास, ताई. मला भीती वाटतेय. चुकून काही लिहिलं गेलं, तर सगळंच जाईल."

मंजुळाबाई खाली फरशीवरच बसल्या. "मीच घालवलं," त्या पुटपुटल्या. "होतं ते तरी होतं रे. कुलपात का होईना, होतं. मीच घालवलं त्यांचं सगळं." मयेकरांनी मान वळवून तिकडे पाहिले आणि पुन्हा खिडकीबाहेर नजर लावली.

तशा त्या बसलेल्या असताना त्यांची नजर माझ्या उघड्या पोटात गेली. "रघु, हीच ना डिस्क? त्या स्टिकरच्या खाली काय लिहिलंय?"

गॅरंटीच्या स्टिकरखाली डिस्कचे मूळ लेबल होते. त्याची जेमतेम एक कड बाहेर दिसत होती. रघुने डिस्क सोडवून हातात दिली. मंजुळाबाईंनी नव्या भांड्यांची लेबले आयुष्यभर काढली होती. त्यांनी बोटावर खोबरेल तेल घेतले, स्टिकर हळूहळू भिजवले आणि नखाने कडेकडेने सोलत आणले. कागद फाटू नये म्हणून त्यांनी श्वास धरला होता. खाली आकड्यांची रांग निघाली. शेवटचा आकडा मात्र स्टिकरबरोबर अर्धा निघून आला. तीन की आठ, ते कळेना.

"आधी तीन लावून बघ," मंजुळाबाई म्हणाल्या. "नुसतं बघायचं. लिहायचं काही नाही."

रघुने डिस्क परत जोडून तीन लावले. मी डिस्क शोधायला गेलो आणि रिकामा परत आलो. मग आठ लावले. माझ्या आत कुठेतरी खर्र झाले, चकती फिरली, आणि इतके महिने बंद असलेली खोली उघडावी तसे सगळे माझ्यासमोर आले. सगळे जागच्या जागी होते.

रघुने मयेकरांचे एक कोडे पडद्यावर उघडले. काळे-पांढरे चौकोन दिसले. मंजुळाबाईंनी मयेकरांना आणून खुर्चीत बसवले आणि चष्मा घालून दिला. ते बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हलले नाही. मंजुळाबाई एकेक ओळ वाचू लागल्या. काठ, दोन अक्षरे. काही नाही. आईचा भाऊ, दोन अक्षरे. काही नाही. रघु दुसरीकडे बघू लागला.

"रात्री फुलणारे सुवासिक फूल," मंजुळाबाईंनी वाचले. आवाज पार बसला होता. "तीन अक्षरे."

मयेकर पुढे वाकले. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. डावा हात वर आला आणि त्यांनी पडद्यावरच्या 'तीन'वर बोट आपटले. ओठ वळले, जबडा ओढला गेला, मानेच्या शिरा ताणल्या.

"चू... चूक," ते म्हणाले.

"काय? काय म्हणालात?"

"चूक!" त्यांनी पंजाची चार बोटे मंजुळाबाईंच्या डोळ्यांसमोर नाचवली. "चूक! चूक!"

मंजुळाबाईंनी पडद्यावरचे चौकोन मोजले. चार होते. त्यांनी बोटांवर अक्षरे धरली, रा, त, रा, णी. मयेकरांची स्वतःचीच चूक कोड्यात तशीच राहून गेली होती. मंजुळाबाई रडत होत्या आणि हसत होत्या, आणि रघु "अगं ताई, अगं ताई" एवढेच म्हणत होता. मयेकर मात्र रागावलेले होते. चूक दुरुस्त होईपर्यंत त्यांनी मंजुळाबाईंचा हात सोडला नाही.

मित्रांनो, त्या दिवशी सगळे ठीक झाले असे मी सांगणार नाही. 'रातराणी' हा शब्द ओठांवर यायला पुढचा उन्हाळा उजाडला. बरेच शब्द आलेच नाहीत. मयेकर पुन्हा कामावर गेले नाहीत. त्यांनी आपली सगळी कोडी एक एक करून सोडवली आणि त्यांत आणखीही चुका काढल्या. मग रघुने नवे यंत्र आणून दिले, कोडी त्यात उतरवली आणि मी गॅलरीत आलो.

मला तुमच्याकडे एवढेच मागायचे आहे. कुलूप जरूर घाला, पण त्याचा शब्द घरातल्या एका तरी माणसाला सांगून ठेवा. जपायचे असेल त्याच्या दोन प्रती करा. आणि तुमच्या घरात कुणी बोलेनासे झाले असेल, तर ते माणूस रिकामे झाले असे समजून उठून जाऊ नका. त्याच्याजवळ बसा. त्याला काहीतरी वाचून दाखवा आणि मग थांबा. उत्तर यायला वेळ लागतो.